अवजाराची ओळख लिहिण्याची कला

जयपूर शहराच्या आग्नेयेस अरवलीच्या टेकड्या जेथे सपाटीस उतरतात, त्या झालाना डुंगरीच्या एका अंगास बिबळ्यांचे राखीव वन आहे, आणि दुसऱ्या अंगास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय कार्यालय, राजस्थान हिंदी ग्रंथ अकादमी व २०१८ साली नवउद्योगांसाठी उघडलेले भामाशाह टेक्नो हब अशा संस्था वसल्या आहेत. खडकाचे वर्णन लिहिणारे, ग्रंथ लिहविणारे आणि संगणकाचे व्यवहार रचणारे ज्या वस्तीत शेजारी नांदतात, तिच्याच निमित्ताने एका नव्या लेखनकलेचा परिचय करून द्यावा असे फार दिवस मनात होते.

ज्याला आज एआय एजंट म्हणतात, तो भाषा जाणणारा असा कारकून आहे की ज्याच्या हाती नोंद काढणे, शोध घेणे, अर्ज दाखल करणे इत्यादी कामांची टूल्स, म्हणजे अवजारे, दिलेली असतात. टूल आतून कसे बांधले आहे, हे त्यास सामान्यतः दिसत नाही. त्याच्या पुढ्यात येते ते टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्यास पुरवावयाच्या तपशिलांची यादी. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जो मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल प्रसिद्ध केला, त्यातही टूलची ओळख मुख्यतः याच तीन गोष्टींनी होते. नवा मनुष्य कचेरीत रुजू झाला, तर तो शेजारच्या मेजावर चौकशी तरी करील; या कारकुनास ती सोय बहुधा नसते, म्हणून त्या वर्णनात जे लिहिलेले नाही ते त्याच्या लेखी नाहीच.

राजस्थानातलेच उदाहरण घेऊ. तेथील जनआधार योजनेत कुटुंबास दहा अंकी क्रमांक मिळतो आणि त्या कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस अकरा अंकी. समजा, एखाद्याने टूल रचले आणि खाली वर्णन लिहिले : ‘जनआधारची माहिती देते. क्रमांक द्यावा.’ लिहिणाऱ्याच्या डोक्यात सर्व स्पष्ट असते. पण एजंट व्यक्तीचा क्रमांक कुटुंबाच्या जागी घालतो, उत्तरात ‘चूक’ एवढाच शब्द येतो, आणि तो तोच क्रमांक पुनःपुन्हा घालीत राहतो. तेच वर्णन असे लिहावे : ‘कुटुंबाच्या दहा अंकी क्रमांकावरून सदस्यांची यादी देते. एका व्यक्तीची नोंद हवी असल्यास हे वापरू नये. त्यासाठी अकरा अंकी क्रमांकाचे टूल वेगळे आहे. नोंदीत कोणताही बदल करीत नाही.’ यातील दुसरे वाक्य, म्हणजे केव्हा वापरू नये हे सांगणारे, मला सर्वांत मोलाचे वाटते आणि लिहिणारे नेमके तेच गाळतात. नकाराच्या उत्तरातही ‘अकरा अंक आले, दहा हवेत’ असा मजकूर असावा. पाल्हाळही मात्र नको, कारण प्रत्येक शब्द एजंटाच्या वाचनाची मर्यादित जागा अडवितो.

साधनाची ओळख लिहिण्याची ही विद्या जयपुरास परकी नाही. जयपूर वसविणाऱ्या सवाई जयसिंहांच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट, ज्यांना परंपरा महाराष्ट्रीय मानते, त्यांनी नासिरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. आणि ‘सिद्धान्तसम्राट’ या ग्रंथात वेधयंत्रांचेही विवेचन केले. जयसिंहांच्या जंतरमंतर या वेधशाळेतील सुमारे २७ मीटर उंचीच्या बृहत्सम्राट यंत्र या छायाघड्याळापाशी उभे राहावे म्हणजे अशा विवेचनाची गरज ध्यानी येते. त्याच्या कमानीवरील सूक्ष्मतम भाग दोन सेकंदांचा आहे. परंतु छाया दाखविते ती जयपूरची स्थानिक वेळ, आणि ती आपल्या प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे असते, शिवाय सूर्याच्या भासमान गतीतील फरकामुळे दररोजची दुरुस्ती निराळी. यंत्र निर्दोष असूनही ‘ही कोणती वेळ’ एवढे न सांगितल्यास वाचणारा अर्ध्या तासाने चुकतो. उत्तर कोणत्या एककात व कोणत्या गणनेने येते, हे टूलच्या वर्णनात लिहावयाचे ते याचसाठी.

जयपुरात घर केलेल्या मराठी माणसास याचा प्रत्यय दर वर्षी येतो. आपली जन्माष्टमी श्रावण वद्य अष्टमीची आणि शेजाऱ्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमीची. दिवस तोच, पण आपला महिना अमावास्येस संपतो व त्यांचा पौर्णिमेस. माणसे हसून एकमेकांस प्रसाद देतात; एजंट मात्र मिळालेल्या नावावर विसंबून मंदिरातील नोंदणी एक महिना पुढेमागे करून बसेल. पंचांगाची टूल्स रचणाऱ्या मराठी मंडळींस म्हणून आग्रहाची विनंती आहे की, महिन्याच्या नावासोबत ‘अमान्त’ की ‘पूर्णिमान्त’ हा एक शब्द त्यांनी वर्णनात अवश्य लिहावा.