जुनी तीनचाकी : आधी थांबणे, मग पळवणे



लागण, खोडवा, पाचट यांपैकी कशाचाच विषय आज या पानावर नाही, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आम्ही ऊसविकास खात्याची माणसे शिवारफेरीला निघालो की दर दोन-चार वस्त्यांमागे एखाद्या दारात जुनी तीनचाकी मालगाडी उभी दिसतेच. बेणे, रोपांचे ट्रे, खताची पोती, ठिबकच्या नळ्या, दुधाचे कॅन, जनावरांसाठी वाढे, सगळे तिच्यातूनच हलते. गाडी बहुधा सेकंडहँड, आणि चालवणारा घरातला विशी-बाविशीतला पोरगा. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "साहेब, हिला जरा पिकअप कसा आणायचा?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र ब्रेकपासून सुरू होते, म्हणून हा लेखप्रपंच.

मुळात ही गाडी कशाची?

हँडलने वळणारी तीनचाकी ही स्कूटरची सख्खी बहीण. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील पियाजिओ कंपनीने १९४६ साली व्हेस्पा स्कूटर काढली आणि १९४८ साली त्याच धर्तीवर मागे दोन चाके व हौदा देऊन 'आपे' काढली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी, आपे म्हणजे मधमाशी. मधमाशीसारखे थोडे थोडे वाहून आणावे, हाच तिचा धर्म. याच कंपनीचा भारतातील कारखाना आपल्या शेजारी बारामतीला आहे. त्याआधी १९५८ साली बजाज टेम्पो कंपनीने जर्मन बनावटीची 'हॅन्सिएट' ही तीनचाकी आपल्याकडे आणली, आणि 'टेम्पो' हा शब्द मराठीत कायमचा बसला.

या सर्व गाड्या अरुंद बोळात वळाव्यात, थोडे तेल प्यावे आणि माल पोचवावा, यासाठी केलेल्या आहेत. पळण्याची शर्यत त्यांच्या आखणीत नाही.

तीन पायांचे गणित

घरातली तिवई कसल्याही ओबडधोबड जमिनीवर डुगडुगत नाही. पण दोन पायांच्या मधल्या कडेवर भार द्या, लगेच कलंडते. तीनचाकीचेही तसेच. पुढच्या चाकापासून मागच्या प्रत्येक चाकापर्यंत एक रेषा ओढा. गाडीचा आणि मालाचा तोल या दोन रेषांच्या आत आहे तोवर ठीक. वळणावर तोल बाहेरच्या बाजूला फेकला जातो, आणि हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. त्याच वळणावर ताशी ३० ऐवजी ४५ ने गेलात तर वेग दीडपट होतो, पण कलंडवणारा जोर सव्वादोन पट होतो.

त्यात वळणातच ब्रेक दाबला तर भार पुढे जातो, जिथे एकच चाक आहे. बहुतेक तीनचाक्या अशाच उलटतात. म्हणून नियम एकच : वेग वळणाआधी कमी करावा, वळणात नव्हे.

वाढ्यांचा भारा वजनाला हलका वाटतो, पण उंच रचला की तोल वर चढतो. खताची दहा पोती खाली पसरून नेणे त्यापेक्षा बरे. जड माल तळाला, मागच्या चाकांच्या किंचित पुढे ठेवावा. अगदी मागे टांगला तर पुढचे चाक हलके होते आणि हँडल हातात राहत नाही. आरसी बुकात भार ५०० किलो लिहिला असेल तर ५० किलोच्या १० पोत्यांना गाडी भरली, असे समजावे.

घेताना काय पाहावे

१. गाडी सकाळी थंड असताना पाहायला जावे. आपण जाण्याआधीच इंजिन गरम करून ठेवले असेल तर विकणाऱ्याला काहीतरी झाकायचे आहे, असे धरून चालावे.

२. धूर पाहावा. डिझेल गाडीचा काळा धूर म्हणजे एअर फिल्टर तुंबलेला किंवा नोझल खराब, खर्च थोडा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, खर्च मोठा. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण काढल्यावर फकफक वाफ येत असेल तर रिंगा गेल्या.

३. चासीवर वेल्डिंगचे टाके शोधावेत, विशेषतः पुढच्या चाकाच्या दांड्यापाशी. पुढचे चाक उचलून दोन्ही हातांनी हलवून पाहावे. खडखडले तर बेअरिंग किंवा बुश गेलेले आहे.

४. टायरवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. नक्षी दिसते म्हणून जुनाट, चिरलेल्या टायरवर विश्वास ठेवू नये.

५. चासी नंबर व इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा उतरलेला आहे का, विमा आणि पासिंग चालू आहे का, हे व्यवहाराआधी पाहावे. मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी करावे लागते. फॉर्म २९ व ३० भरून गाडी नावावर करून घ्यावी. सोलापूर व अकलूज या दोन्ही ठिकाणी परिवहन कार्यालय आहे. 'नंतर करू' म्हणून नाव तसेच राहिले तर अपघाताच्या वेळी विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात.

पैसा कुठे घालावा

क्रम असा ठेवावा. पहिला पैसा ब्रेकला : लायनर, व्हील सिलिंडर आणि ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून दोन वर्षांनी बदलावेच. तिन्ही चाके उचलून फिरवून पाहावीत. एखादे अडकत असेल तर ब्रेक एका बाजूला ओढतो, शिवाय डिझेलही जाते. दुसरा पैसा टायरला. मागचे दोन्ही एकाच मापाचे व एकाच हवेचे हवेत. तिसरा पुढच्या शॉकअपला. चौथा दिव्यांना आणि मागच्या रेडियम पट्टीला.

आता पिकअप. जुन्या गाडीचा पिकअप बहुधा गेलेला नसतो, तो अडलेला असतो. आपल्या भागातल्या फुफाट्यात एअर फिल्टर कंपनीने सांगितल्यापेक्षा लवकर तुंबतो. तो साफ करा, नोझल पंपवाल्याकडून तपासून घ्या, टॅपेट आणि क्लच सेट करा, टायरची हवा पाहा. इतक्यावर गाडी पुन्हा ओढायला लागते, आणि खर्चही आवाक्यात राहतो. कंपनीने दिले तेवढे परत मिळवावे. त्यापुढचे मागू नये.

काही ठिकाणी गव्हर्नरचे सील तोडून डिझेल वाढवून दिले जाते. चार दिवस मजा वाटते. मग इंजिन तापते, काळा धूर ओकते आणि कनेक्टिंग रॉडवर येते. ब्रेक मात्र जुन्याच वेगासाठी केलेले राहतात. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते, हे विसरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत असा फेरफार चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला भरपाई नाकारायला कारण मिळते ते वेगळेच.

रस्त्यावर

केंद्र सरकारने २०१८ साली तीनचाकीला ताशी ५० किलोमीटरची कमाल मर्यादा ठरवली. हंगामात रात्री तेवढाही वेग जास्तच. उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, रस्त्यावर सांडलेली कांडी, आणि मागे दिवा नसलेली वाहने. चारचाकीवाला खड्डा दोन चाकांच्या मध्ये घेऊन निघून जातो. तीनचाकीला ती सोय नाही, तिचे पुढचे चाक नेमके त्यातच जाते. तेव्हा ट्रॉलीवाल्या सभासदांनीही रेडियम पट्टी लावावी. दुसऱ्याचा पोरगा वाचतो.

हौसेचे काय?

तरुणांची हौस आम्ही मोडत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला यात्रेत रिक्षा उलट्या चालवण्याची शर्यत भरल्याचे अनेकांनी पाहिले असेल. चेन्नईच्या जगतीश या रिक्षाचालकाने २०११ साली मुंबईत दोन चाकांवर २.२ किलोमीटर रिक्षा चालवून गिनीज बुकात नाव नेले. हे खेळ ठरवून, जागा मोकळी करून आणि बघ्यांना लांब ठेवून होतात. तीनचाकी दोन चाकांवर जाते, ही गोष्ट तिथे विक्रम ठरते. मोहोळच्या किंवा टेंभुर्णीच्या चौकात तिलाच अपघात म्हणतात. हौस असेल तर कापणी झालेल्या सपाट रानात, हौदा रिकामा ठेवून, हेल्मेट घालून आणि वडीलधाऱ्यांना सांगून हात बसवावा. कमी जागेत वळवणे, उलटी घेणे आणि ठरलेल्या रेघेवर थांबवणे यातच खरी कसोटी आहे.

उसाचे एक पीक गेले तरी खोडवा हाती राहतो. घरच्या पोराच्या बाबतीत तसे नसते. तेव्हा हंगाम सुरू होण्यापूर्वी एक सकाळ काढून आपली तीनचाकी मेस्त्रीकडे न्यावी आणि ब्रेकपासून तपासणी करून घ्यावी, अशी सर्व सभासदांना आमची कळकळीची विनंती आहे.