वाडा विकणे आहे, पागेसकट

मंडईच्या आसपास, शुक्रवार-बुधवार पेठांत फिरताना एखाद्या दिंडी दरवाजावर ‘वाडा विकणे आहे’ अशी पाटी दिसते. मंडईची दगडी इमारत १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडली. त्याहून जुने वाडेही या भागात आहेत. ओळखीची मंडळी वाडा घेताना मला सोबत नेतात, तेव्हा माझं लक्ष आधी मागच्या पागेकडे जातं.

पागा म्हणजे घोडे बांधायची जागा. घोडे गेले, मग कुठे भिंत घालून दोन खोल्या निघाल्या आणि बिऱ्हाड आलं. कुठे रस्त्याच्या बाजूने दुकान निघालं. जाहिरातीत मात्र ‘मागे स्वतंत्र दोन खोल्या’ एवढंच असतं.

वाड्याच्या माडीचा भार मुख्यतः लाकडी खांब-तुळयांवर असतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. जुनी माणसं घर खणांतच मोजत. आतली भिंत बहुधा नुसती भरावाची, ती हलवली तरी निभावतं. पण दुकानाच्या शटरसाठी खांबच कापला असेल, तर माडी खचते. खांब तळखड्यावर टेकतो तिथे वाळवी आहे का, तेही पाहावं.

मग कागद. सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर कोणाची नावं आहेत, हे पाहा. पण तेवढ्यावर थांबू नका. २००५च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला आणि तो जन्मानेच मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं. सासरी गेलेल्या लेकीची सही राहिली, तर व्यवहार पुढे कोर्टात अडकू शकतो. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल, तर बदलांना वेगळी परवानगी लागते.

आणि सर्वांत महत्त्वाचा तो पागेतला भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू आहे. वाडा विकला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. मालक बदलतो, भाडेकरू तोच राहतो. ‘रिकामा ताबा देऊ’ असं विकणारा म्हणाला, तरी आत राहणाऱ्याचं म्हणणं वेगळं असू शकतं. त्याच्याही डोक्यावरच्या छपराचा प्रश्न असतो.

म्हणून किमतीचं बोलणं सुरू करण्याआधी पागेचं दार वाजवा. भाडं कोण, कोणाला, किती देतं ते विचारा, पावत्या बघा. इसार त्यानंतरच द्या.