आठ डिस्क आणि एक निर्णय

प्रत्येकी 16 टेराबाइटच्या आठ डिस्क घेतल्या, म्हणजे सर्व्हरला 128 टेराबाइट जागा मिळाली, असा हिशेब भोपाळमधल्या एखाद्या कार्यालयाने मांडला, तर तो पहिली डिस्क बंद पडेपर्यंतच टिकेल. आणि डिस्क कधी ना कधी बंद पडतेच. हे गृहीत धरूनच बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988मध्ये ‘रेड’वरचा शोधनिबंध मांडला: एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा ताफा, आणि त्यातली एखादी गेली तरी माहिती शाबूत.

यातली लोकप्रिय रचना म्हणजे रेड 5. सात डिस्कएवढी माहिती आणि एका डिस्कएवढी ‘पॅरिटी’, म्हणजे पडताळ्याचे आकडे, आठही डिस्कवर विखुरून ठेवायचे. 5, 7 आणि 3 यांची बेरीज 15 लिहून ठेवली असेल, तर 7 पुसला गेला तरी उरलेल्यांवरून तो काढता येतो, तत्त्व तेच. जागा 112 टेराबाइट हाती लागते, त्यामुळे खरेदी करणाऱ्यांना ही रचना भावते. मला नाही. बंद पडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली की उरलेल्या सातही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला 200 मेगाबाइट या वेगाने 16 टेराबाइट भरायला 22 तास. त्यात रोजचं काम चालू असेल तर आणखी जास्त. त्या सातही बहुधा एकाच वेळी घेतलेल्या, एकाच वयाच्या. तेवढ्यात आणखी एक गेली, की सगळंच गेलं.

रेड 6 कोणत्याही दोन डिस्कचं जाणं सोसते; जागा 96 टेराबाइट. रेड 10मध्ये प्रत्येक डिस्कची जुळी प्रत असते, म्हणून जागा निम्मी, 64. पण लिहिण्याचं काम झपाट्याने होतं. सतत नोंदी बदलणाऱ्या डेटाबेसला 10 आणि दस्तऐवजांच्या साठ्याला 6 घ्यावी.

एक धोका मात्र कोणतीच रेड टाळत नाही. डिसेंबर 2023मध्ये मध्य प्रदेशच्या ई-नगरपालिका पोर्टलवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि राज्यातल्या नगरपालिकांच्या ऑनलाइन सेवा ठप्प झाल्या. अशा हल्ल्यात डिस्क धडधाकट असतात. हल्लेखोराने कुलूपबंद केलेली माहितीच रेड इमानेइतबारे सगळ्या डिस्कवर लिहीत जाते. चुकून पुसलेल्या फाइलचंही तेच. तेव्हा खरेदीच्या यादीतून हवं तर दोन डिस्क कमी करा, पण दुसऱ्या इमारतीत, नेटवर्कपासून तोडलेली एक प्रत ठेवाच, आणि ती परत उतरवून पाहण्याची तारीख आजच ठरवा.