धरलेला बोल्ट

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शहरात, करवीर-शिरोळच्या गावांत कितीतरी दुचाकी दिवसच्या दिवस पाण्यात उभ्या राहिल्या. तेल बदललं, प्लग साफ केला, गाड्या चालू झाल्या. खरी वसुली पुढे सुरू झाली. पंक्चर काढायला जावं तर मागचा एक्सल हलेना, सायलेन्सरचा नट फिरेना. त्यासाठी महापूरच यायला हवा असंही नाही. गगनबावड्याच्या पावसातून रोज ये-जा करणारी गाडी, मालवणचं खारं वारं खाऊन आलेली गाडी, दर रविवारी प्रेशरच्या पाण्याने धुतली जाणारी लाडकी गाडी, बोल्ट सगळ्यांचेच धरतात.

बोल्ट निघत नाही म्हणजे कोणीतरी फार आवळलाय, अशी आपली समजूत असते. बहुतेक वेळा दोष आवळणाऱ्याचा नसतोच. लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, पाणी धरून बसलेला गंज तर त्याहूनही जास्त. उघड्या पत्र्यावर त्याचे पोपडे सुटतात. आट्यांच्या फटीत फुगायला जागा नसते, म्हणून तो दोन्ही बाजूंना रेटत राहतो. काँक्रीटमधली सळई गंजली की वरचा गिलावा फुटतो, तो याच रेट्याने. वाफेच्या इंजिनांच्या काळात कारागीर ही खोड मुद्दाम वापरत: लोखंडाचा कीस आणि नवसागर ओला करून बिडाच्या सांध्यात ठासायचा, गंज चढला की सांधा पक्का!

इंजिनच्या बाबतीत गोष्ट आणखी वाईट. हेड आणि कव्हर ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. मध्ये खारट ओल शिरली की या जोडीची चिमुकली बॅटरी होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. बाहेरून लाल डाग नाही, काही नाही, त्यामुळे माणूस बेसावध राहतो.

मग पान्याला पाइप लावायचा मोह होतो. जरा हिशेब करू. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो, म्हणजे पाव मीटर पान्याच्या टोकाला चार किलोचा जोर. एक मीटर पाइपच्या टोकाला तुम्ही दहा किलोचा जोर दिलात, तर बोल्टवर जवळपास १०० न्यूटन-मीटर पडतात. दसपट! मुंडी तुटून हातात येणार, आणि आपल्याला वाटणार बोल्टच हलका होता.

म्हणून आधी तेल, आणि तेही पातळ. फट जितकी अरुंद तितकं केशाकर्षण जास्त, त्यामुळे पातळ तेल आपोआप आत ओढलं जातं. गिअरबॉक्सचं दाट तेल तिथपर्यंत पोचायला फार वेळ घेतं. गंजावरचे फवारे मिळतात. गॅरेजमध्ये डिझेल किंवा रॉकेलवर भागवतात. महत्त्वाचा आहे तो वेळ. संध्याकाळी तेल सोडावं, सकाळी पाना लावावा. घाई करणाऱ्याला कोणताही फवारा पावत नाही.

दुसरा उपाय ठोक्याचा. गंज कडक पण ठिसूळ असतो. पोलाद थोडं लवचिकपणे दबतं, गंज मात्र तडकतो आणि त्या तडांतून तेल आत जातं. चौफुलीच्या स्क्रूसाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर याच कारणासाठी घरी असावा: एकाच घावात तो बिट आतही दाबतो आणि फिरवतोही, त्यामुळे खाच झिजत नाही.

स्विंगआर्मचा लांब बोल्ट मात्र फसवतो. मुंडी पान्याने छान फिरते, आपण खूश होतो, पण बोल्ट बाहेर सरकत नाही. तो बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजाने चिकटलेला असतो आणि नळीसकट रबरात पिळला जात असतो. अशा वेळी नट पुन्हा टोकाच्या पातळीपर्यंत चढवून मगच त्यावर घाव घालावेत. नाहीतर टोकाचे आटे चेपतात आणि बोल्ट सुटला तरी नट जात नाही.

तिसरा उपाय उष्णतेचा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ६ मिलिमीटरचं भोक आणि त्यातला बोल्ट दोन्ही १०० अंशांनी तापवले, तर मध्ये सहा-सात मायक्रॉनची फट वाढते, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाइतकी. ऐकायला कमी, पण भुकटीची पकड सुटायला पुष्कळदा तेवढी पुरते. तापवायचं ते बोल्टभोवतीचं अंग, बोल्ट नव्हे. आणि पेट्रोलची टाकी आधी उतरवून लांब ठेवायची, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढायचं, फवाऱ्याचं तेल पुसायचं. रबरी बुश आणि सीलजवळ ज्योत नकोच. गरम हवेची गन बरी.

बोल्ट जरासा हलला की सरळ सोडत सुटू नये. पाव फेरा उलट, थोडा सुलट, पुन्हा तेल. भुकटी दळली जाऊन बाहेर पडते.

तरीही तुटलाच तर घरचा प्रयोग थांबवून हेड घेऊन उद्यमनगर गाठावं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना लागणारं लेथकाम, वेल्डिंग ज्या शहरात गल्लीबोळात चालतं, तिथे हे संकट नवीन नाही. आत उरलेल्या ठुबक्यावर नट ठेवून नटच्या आतून वेल्ड भरतात. पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेड वाचतं. ठुबका आतून तापतो आणि पान्याला नवी मुंडीही मिळते.

परत जोडताना आट्यांना तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमच्या पुडीचं अँटी-सीझ ग्रीस लावावं, पण मग हात आखडता घ्यावा. कोरड्या बोल्टला दिलेल्या पिळापैकी जवळपास नव्वद टक्के घर्षणातच खर्च होतो, ताण येतो तो उरलेल्या दहा टक्क्यांतून. ग्रीसने घर्षण घटलं की तोच पीळ बोल्टला कितीतरी जास्त ताणतो, आणि ॲल्युमिनियमचे आटे बोल्टसोबत बाहेर येतात.