मानवी बुद्धीची उत्पत्ती : वॉलेसच्या प्रश्नाचा भाषाशास्त्रीय विचार

आल्फ्रेड रसेल वॉलेस याचे नाव उत्क्रांतिवादाच्या इतिहासात डार्विनच्या नावाला जोडूनच घेतले जाते. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनीअन सोसायटीपुढे नैसर्गिक निवडीचे तत्त्व मांडले गेले, ते या दोघांच्या नावाने. पुढे अवघ्या अकरा वर्षांनी, १८६९ साली, 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या नियतकालिकात लिहिताना वॉलेसने स्वतःच्याच तत्त्वाला एक अपवाद सांगितला. तो अपवाद म्हणजे मनुष्याचा मेंदू होय. नैसर्गिक निवड प्राण्याला आजच्या गरजेपुरते देते, उद्यासाठी साठवून ठेवीत नाही, हे त्याचे गृहीत होते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात आणि मलाया द्वीपसमूहात त्याची मिळून बारा वर्षे गेली होती. तेथील वन्य जमातींचा मेंदू युरोपीय पंडिताच्या मेंदूहून फारसा कमी नाही हे त्याला ठाऊक होते. परंतु त्यांच्या जीवनाला वानराच्या बुद्धीहून किंचित अधिक बुद्धी पुरेशी आहे, असे त्याला वाटे. मग हा गरजेहून मोठा मेंदू आला कोठून? वॉलेसने उत्तर दिले की, येथे एखाद्या उच्चतर चैतन्याचा हात असला पाहिजे. डार्विन या लेखाने व्यथित झाला, व १८७१ च्या 'डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात त्याने निराळे प्रतिपादन केले.

वॉलेसचे उत्तर शास्त्राने टाकून दिले हे योग्यच झाले. परंतु उत्तर टाकाऊ ठरले म्हणून प्रश्नही टाकाऊ ठरत नाही. किंबहुना तो आज अधिकच तीव्र झाला आहे, कारण मेंदू हे किती खर्चिक इंद्रिय आहे याची वॉलेसला कल्पना नव्हती. प्रौढ मनुष्याच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के, परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते तिच्यातील सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. पाचव्या वर्षाच्या सुमारास तर हे प्रमाण दोन तृतीयांशांच्या आसपास जाते, आणि त्याच वयात मुलाच्या शरीराची वाढ मंदावते. इतका खर्च निसर्गाने का पत्करला?

यावर सुचविली गेलेली काही उत्तरे प्रसिद्ध आहेत. लेस्ली आयेलो व पीटर व्हीलर यांनी १९९५ मध्ये असे मांडले की, आहार पौष्टिक झाल्यामुळे आतडे आखूड झाले व तेथे वाचलेली ऊर्जा मेंदूकडे वळली. सस्तन प्राण्यांच्या शंभर जातींची तुलना २०११ साली झाली, तीत मात्र आतडे आणि मेंदू यांचा असा व्यस्त संबंध आढळला नाही. रिचर्ड रँगहॅम यांनी अन्न शिजविण्याच्या कलेला हे श्रेय दिले आहे. ही मते विचारार्ह आहेत. तथापि ती फार तर खर्च कसा भागला हे सांगतात. खर्च कशासाठी केला, हा मूळ प्रश्न तसाच राहतो. मोठ्या समूहात राहणाऱ्या वानरजातींचा बाह्य मेंदू प्रमाणाने मोठा असतो, या रॉबिन डनबार यांच्या १९९२ च्या निरीक्षणाने उत्तराची दिशा मात्र सूचित केली: मेंदूची कसोटी भोवतालचे अरण्य पाहात नसून भोवतालचे स्वजातीय पाहात असतात.

जीवाश्मांचा पुरावा पाहू गेल्यास प्रथमदर्शनी चढता जिना दिसतो. ऑस्ट्रॅलोपिथेकसच्या कवटीचे आकारमान ४०० ते ५०० घन सेंटिमीटर, आजच्या मनुष्याचे सरासरी सुमारे १,३५०. परंतु या जिन्याच्या पायऱ्या वाटतात तितक्या सरळ नाहीत. निअँडरथल मानवाचा मेंदू आपल्याइतकाच, कधी थोडा अधिकही मोठा होता. उलटपक्षी इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर २००३ मध्ये सापडलेल्या मानवजातीचा मेंदू जेमतेम ४०० घन सेंटिमीटरांचा असूनही तिच्या गुहेत दगडी हत्यारे मिळाली. दक्षिण आफ्रिकेतील 'होमो नालेदी' ही जातही लहान मेंदूचीच, आणि ती सुमारे तीन लक्ष वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे आपल्या जातीच्या उदयकाळापर्यंत, जिवंत होती. हत्तीचा मेंदू तर आपल्या तिप्पट वजनाचा. त्यात मज्जापेशीही अधिक आहेत. मात्र त्यांतील बहुसंख्य पेशी अनुमस्तिष्कात असतात, विचारव्यापारांशी निगडित अशा बाह्य पटलात नव्हेत. तेव्हा केवळ आकारमानावर बोट ठेवून भागत नाही.

हत्यारांचा इतिहास आणखी गोंधळात टाकतो. अश्यूलियन पद्धतीची हातकुऱ्हाड, म्हणजे दोन्ही अंगांनी छिलके काढून घडविलेला बदामी आकाराचा दगड, पूर्व आफ्रिकेत साडेसतरा लक्ष वर्षांपूर्वी दिसू लागते. तमिळनाडूतील अत्तिरामपाक्कम येथे ती सुमारे पंधरा लक्ष वर्षांपूर्वीची आहे. आपल्याकडे नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी चिरकी येथे १९६६ ते १९६९ या काळात गुद्रुन कॉर्विनस यांनी केलेल्या उत्खननातही याच घाटाची हत्यारे निघाली. एवढ्या विशाल प्रदेशात आणि दहा लक्षांहून अधिक वर्षांच्या अवधीत तिच्यात सफाई आली, पण मूळ कल्पना तीच राहिली. या अवधीत मेंदू मात्र वाढत होता. याचा अर्थ असा की, मेंदूची वाढ आणि शोधांची वाढ या दोन रेषा लक्षावधी वर्षे एकमेकींना धरून चालत नाहीत. बुद्धी म्हणजे एकट्याने नवे शोधून काढण्याची शक्ती, अशी आपली समजूत असेल तर हे कोडे सुटणार नाही.

ती समजूतच तपासून पाहण्याजोगी आहे. यासाठी एक ऐतिहासिक घटना उपयोगी पडेल. ऑगस्ट १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या नेतृत्वाची मोहीम मेलबर्नहून ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणोत्तर ओलांडण्यास निघाली. उत्तर किनाऱ्याजवळून परतताना बर्क, विल्स आणि किंग हे तिघे २१ एप्रिल १८६१ रोजी कूपर क्रीकच्या तळावर पोचले, तो त्यांची वाट पाहणारी तुकडी त्याच दिवशी सकाळी निघून गेलेली. शिधा संपत आला. त्या प्रदेशात राहणारे यांद्रुवांधा लोक नार्डू नावाच्या नेच्याच्या बीजाणुफळांची भाकरी व लापशी करून खात. हे पाहून या तिघांनीही नार्डू गोळा करून दळून खाण्यास आरंभ केला. पोट भरे, परंतु शरीर क्षीण होत जाई. जूनअखेरीच्या सुमारास विल्स व बर्क मरण पावले. किंग यांद्रुवांधांच्या आश्रयाला गेला, त्यांच्यात राहिला, आणि सप्टेंबरमध्ये शोधपथकास जिवंत सापडला.

नार्डूमध्ये थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारे एक द्रव्य असते, हे पुढे कळले. यांद्रुवांधांची नार्डू सिद्ध करण्याची रीत ठराविक होती, तिच्यात पाण्याचा उपयोग सढळ होता, आणि तिच्यामुळे हा दोष बराच कमी होत असावा, असे मत १९९४ मध्ये मांडले गेले. हा दोष काय आहे हे त्या लोकांपैकी कोणासही रसायनशास्त्राच्या भाषेत सांगता आले नसते. ज्या कोणी प्रथम ती रीत बसविली त्यासही सांगता आले नसते. रीत पिढ्यानुपिढ्या चालत आली होती, एवढेच. विल्स हा तर वेधशाळेत काम केलेला, खगोलशास्त्र जाणणारा तरुण. त्याच्या मेंदूत उणे काय होते? काहीही नाही. उणीव होती ती कूपर क्रीकच्या काठी हजारो वर्षे साठत आलेल्या ज्ञानाची, आणि ते त्याच्या कवटीच्या आत असण्याचे कारणच नव्हते.

वॉलेसच्या युक्तिवादातील कच्चा दुवा येथे दिसतो. वन्य जीवनाला थोडकी बुद्धी पुरते असे मानताना त्याने त्या जीवनातील कामे मोजली. ती कामे करण्यासाठी काय काय शिकून घ्यावे लागते, हे मोजले नाही. वनस्पती ओळखणे, विष उतरविणे, माग काढणे, नातीगोती व देवघेवीचे नियम सांभाळणे, हा सर्व अभ्यासक्रम एका आयुष्यात स्वतःच्या अनुभवाने पुरा होणे अशक्य आहे. तो दुसऱ्याकडूनच घ्यावा लागतो. मोठा मेंदू शोध लावण्यासाठी जेवढा, त्याहून कितीतरी अधिक असे घेण्यासाठी लागतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शिकण्याजोगे ज्ञान जसजसे साठत गेले तसतसा शिकणारा मेंदू अधिक फलदायी ठरत गेला, आणि असा मेंदू झाल्यावर साठाही वाढत गेला. प्रारंभी हे चक्र फार संथ होते. हातकुऱ्हाडीची ती लांबलचक एकसुरी कारकीर्द याचीच साक्ष देते.

या मतास प्रयोगाचाही आधार आहे. एस्थर हेरमान, मायकेल टोमासेलो व त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये अडीच वर्षांची १०५ मुले, १०६ चिंपँझी व ३२ ओरँगउटान यांना एकच परीक्षामाला दिली. अवकाश, संख्या आणि कार्यकारणभाव यांसंबंधीच्या परीक्षांत मुले व चिंपँझी जवळजवळ बरोबरीचे ठरले. दुसऱ्याने केलेले पाहून शिकणे, दुसऱ्याचा हेतू जाणणे, यांत मात्र मुले कितीतरी पुढे गेली. अडीच वर्षांच्या वयात मूल वानरापेक्षा एकंदरीने चतुर नसते. ते शिष्य म्हणून चतुर असते.

येथे भाषाशास्त्राचा प्रवेश होतो. आमच्या शास्त्राने या विषयाकडे दीर्घकाळ पाठ फिरविली होती. पॅरिसच्या भाषाशास्त्रीय मंडळाने १८६६ मध्ये भाषेच्या उत्पत्तीवरील निबंध स्वीकारणार नाही, असा नियमच केला. त्या काळच्या बेफाम तर्कटांकडे पाहता तो नियम अनाठायी नव्हता. आता तो धरून बसण्याचे कारण नाही. अनुकरणाने हात कसा फिरवावा हे शिकता येते, पण जे डोळ्यांसमोर नाही ते अनुकरणाने देता येत नाही. एक साधे वाक्य घ्या: 'जो ओढा पावसाळ्यात दुथडी भरतो, त्याच्या पलीकडच्या उंबरावर परवा मधाचे पोळे होते, अस्वलाने नेले नसेल तर उद्या मिळेल.' यातील ओढा 'जो–त्याच्या' या जोडीने नेमका केला आहे, काळ मागे व पुढे सरकला आहे, न घडलेली गोष्ट नकाराने सांगितली आहे, आणि सर्वांवर अटीचे आवरण आहे. (आपला 'परवा' हा शब्द तर मोठा मार्मिक आहे. तो केवळ आजपासूनचे अंतर सांगतो. दिशा क्रियापदाने ठरते.) चार्ल्स हॉकेट यांनी १९६० मध्ये भाषेची जी लक्षणे सांगितली त्यांत अप्रस्तुत वस्तूविषयी बोलण्याची ही शक्ती प्रमुख आहे. मधमाशीही नाचून दूरच्या फुलांची दिशा सांगते. परंतु परवाची फुले, नसलेली फुले, किंवा असती तर मिळाली असती अशी फुले तिला सांगता येत नाहीत.

ही शक्ती आली कशी, याविषयी आमच्यात तीव्र मतभेद आहेत. रॉबर्ट बर्विक व नोम चॉम्स्की यांनी 'व्हाय ओन्ली अस' या २०१६ च्या पुस्तकात असे प्रतिपादन केले आहे की, दोन घटक जोडून तिसरा बनविण्याची एकच मूलभूत क्रिया सुमारे दोन लक्ष ते साठ हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यान अल्प जनुकीय बदलाने उत्पन्न झाली, आणि ती मूलतः विचारासाठी होती, संभाषणासाठी नव्हे. वाक्यरचनेचे स्वरूप उकलण्यात चॉम्स्की यांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. परंतु उत्पत्तीविषयीचे हे मत मला पटत नाही. जोडण्याची क्रिया जन्मजात मानली तरी जोडावयाचे शब्द जन्मजात नसतात. हजारो शब्द प्रत्येक मुलास समाजाकडून घ्यावे लागतात. शिवाय एकाच जनुकावर भिस्त ठेवण्याचे दिवसही संपत आले आहेत. 'फॉक्स-पी-टू' या जनुकातील दोषामुळे वाणी बिघडते हे २००१ मध्ये सिद्ध झाल्यावर त्याला 'भाषेचे जनुक' म्हणण्याची घाई झाली. २००७ मध्ये त्याचे मानवी रूप निअँडरथलांतही आढळले, आणि २०१८ मध्ये अधिक व्यापक नमुने तपासता आपल्या जातीत त्याची अलीकडे निवड झाल्याचे चिन्ह मिळाले नाही.

तथापि दुसऱ्या टोकास जाऊन सर्व काही परंपरेचे दान मानणेही चुकीचे ठरेल. निकाराग्वात १९७७ नंतर मानाग्वा येथे बहिऱ्या मुलांच्या शाळा निघाल्या. मुले घरच्या मोडक्यातोडक्या खुणा घेऊन आली. खुणांची भाषा त्यांना कोणी शिकविली नव्हती. एकत्र आल्यावर त्यांनी परस्परांत एक खूणभाषा घडविली, आणि नंतर आलेल्या लहान मुलांनी तिला अधिक नियमबद्ध व्याकरण दिले. व्याकरण घडविण्याची ही प्रवृत्ती बालमेंदूचीच, यात शंका नाही. परंतु घरोघरी एकटी असताना त्याच मुलांच्या हातून ती भाषा घडली नव्हती, हेही तितकेच खरे. मेंदूची सिद्धता आणि समाजाचा सहवास यांपैकी एकाला कारण व दुसऱ्याला निमित्त म्हणता येत नाही.

वाणी आणि हत्यार यांचा संबंध प्रत्यक्ष तपासण्याचा एक प्रयत्न येथे सांगण्याजोगा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८४ प्रौढांना अत्यंत प्राचीन ओल्डोवन पद्धतीने दगडाचे छिलके काढण्यास शिकविण्यात आले. काहींना केवळ तयार छिलके दाखविले, काहींनी दुसऱ्याचे काम पाहिले, काहींना हातवाऱ्यांनी व काहींना बोलून शिकविले. नुसते पाहण्याने विशेष लाभ झाला नाही. हातवाऱ्यांनी झाला, आणि बोलण्याने सर्वाधिक झाला. यावरून प्रयोगकर्त्यांनी अनुमान केले की, दगडी हत्यारांवरील अवलंबनानेच शिकविण्याच्या, व पुढे भाषेच्या, विकासास चालना दिली असावी. अनुमान आकर्षक आहे. मात्र ते १८४ जण भाषेतच वाढलेले होते, आणि न बोलणाऱ्या गटातील माणसेही मनात शब्दांनीच विचार करीत नसतील असे म्हणता येत नाही. पंचवीस लक्ष वर्षांपूर्वीचा शिष्य यांपैकी कोणत्या गटाच्या जवळ होता, हे त्या दगडांवरून अद्याप वाचता आलेले नाही.