शेतमालाचा बाजार आणि मध्यवर्ती सत्तेची मर्यादा

कांदा महागला म्हणजे शहरातील घरोघरी त्याची चर्चा होते. तो मातीमोल झाला म्हणजे तीच चर्चा वैजापूर-गंगापूरकडील खेड्यांत होते. दोन्ही प्रसंगी एक प्रश्न सहज मनात येतो. भाव वाढताच व्यापाऱ्याने किती माल साठवावा हे ठरविण्याचा अधिकार दिल्लीच्या सरकारास मिळाला कोठून? प्रश्न बाजारातला खरा. परंतु त्याचे उत्तर राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात शोधावे लागते.

आपला देश हे संघराज्य आहे. घटनाकारांनी राज्यकारभाराचे विषय तीन सूचींत वाटून दिले. संरक्षण, परराष्ट्रव्यवहार, रेल्वे, नाणी हे विषय संघसूचीत, म्हणजे मध्यवर्ती सरकारकडे आहेत. पोलीस, शेती, बाजार व जत्रा हे राज्यसूचीत घातले. तिसरी सूची समवर्ती. तीतील विषयांवर दोघांनाही कायदा करता येतो, मात्र दोहोंत विरोध आला तर सामान्यतः मध्यवर्ती कायदा श्रेष्ठ ठरतो. ज्या डॉ. आंबेडकरांनी १९५० साली आपल्या ह्याच शहरात महाविद्यालय सुरू केले, त्यांनीच घटनासमितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी हे तत्त्व स्पष्ट केले होते: सत्तेची ही वाटणी घटनेने केलेली आहे, आणि मध्यवर्ती सरकारास ती केवळ आपल्या इच्छेने बदलता येणार नाही.

मग शेती राज्यांची, बाजारही राज्यांचा, असे असता दिल्लीचा हात तेथवर कसा पोहोचला? येथे थोडा इतिहास पाहणे अवश्य आहे. घटना अमलात आली तेव्हा देशात अन्नधान्याची व कापडाची टंचाई होती. म्हणून कलम ३६९ अन्वये धान्य, कापूस, सरकी, पशुखाद्य आदी वस्तूंच्या व्यापारावर कायदे करण्याचा अधिकार संसदेस केवळ ५ वर्षांकरिता देण्यात आला. मुदत संपत आली, तेव्हा १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीतील ३३ वी नोंद विस्तृत करून तोच अधिकार कायमचा केला. पाच वर्षांचा पाहुणा घरचा मालक होऊन बसला! अर्थात हे राज्यांच्या नकळत झाले असे नव्हे. सूची बदलावयाची तर निदान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते, आणि ती मिळाली. पुढे १९५५ साली जीवनावश्यक वस्तूंचा कायदा झाला. साठ्यावर मर्यादा घालणारे हुकूम निघतात ते ह्याच कायद्याखाली.

सरकारने अशी सत्ता हाती ठेवू नये असे म्हणणारा एक पक्ष देशात त्या काळीच उभा राहिला. १९५९ च्या जानेवारीत नागपूर येथे काँग्रेसने सहकारी शेतीचा ठराव केला, आणि त्याच वर्षी राजाजी, प्राध्यापक रंगा व मिनू मसानी प्रभृतींनी स्वतंत्र पक्ष स्थापिला. त्या पक्षाची भाषा बहुतांशी सुशिक्षितांची राहिली. तो विचार महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत नेला शरद जोशी ह्यांनी. स्वित्झर्लंडातील जागतिक टपालसंघाची नोकरी सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेतली, आणि १९७९ साली शेतकरी संघटना स्थापन केली. चाकणचे कांद्याचे आंदोलन, १९८१ चे निपाणीचे तंबाखूचे आंदोलन, ह्यांत सामान्य शेतकरी रस्त्यावर उतरला. त्यांचा रोख केवळ दिल्लीवर नव्हता हे ध्यानात ठेवावे. कापसाची एकाधिकार खरेदी मुंबईच्याच सरकारची होती, आणि तिलाही संघटनेचा विरोध होता.

मराठवाड्यात हाच धागा अंबाजोगाईचे अमर हबीब ह्यांनी किसानपुत्र आंदोलनाच्या रूपाने पुढे नेला. १९८६ च्या १९ मार्च रोजी यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने सहकुटुंब जीवन संपविले. त्या दिवसाची आठवण म्हणून हे लोक त्या तारखेस अन्नत्याग करतात. कमाल जमीनधारणा, जीवनावश्यक वस्तू व भूमिसंपादन हे तीन कायदे रद्द व्हावेत, ही त्यांची मागणी. त्यांचा दुसरा आक्षेप घटनेच्या नवव्या परिशिष्टावर आहे. मूलभूत हक्कांचा भंग होतो म्हणून कायदा रद्द होऊ नये, ह्यासाठी १९५१ साली हे परिशिष्ट निर्माण झाले, आणि १९७६ मध्ये जीवनावश्यक वस्तूंचा कायदाही त्यात जाऊन बसला. तथापि २४ एप्रिल १९७३ नंतर त्यात घातलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली दिला; तेव्हा न्यायाचे दार अगदीच बंद नाही.

येथवर गोष्ट सरळ वाटते. २०२० साली मात्र तिला विलक्षण वळण लागले. मध्यवर्ती सरकारने शेतीविषयक तीन कायदे केले, व त्यांसाठी आधार घेतला तो ह्याच ३३ व्या नोंदीचा. बाजार हा राज्यांचा विषय आहे, दिल्लीने त्यात पडू नये, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. उलट शेतकरी संघटनेच्या अनेक कार्यकर्त्यांनी बाजार खुला होतो म्हणून त्या कायद्यांचे स्वागत केले. बंधने घालण्याकरिता जी नोंद नकोशी होती, तीच बंधने सोडविण्याकरिता हवीशी वाटली! त्यांना ढोंगी म्हणणे मला न्याय्य वाटत नाही, कारण त्यांचे साध्य बाजाराचे स्वातंत्र्य हे होते. परंतु मर्यादेचा खरा कस अशाच वेळी लागतो, जेव्हा ती ओलांडल्याने आपलेच काम होणार असते. ते कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेतले गेले. नोंद जशीच्या तशी राहिली.

एक भेद पालकांनीही लक्षात घ्यावा. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. तो हुकूम ३३ व्या नोंदीखालचा नव्हे. परदेशाशी व्यापार, आयात व निर्यात हे विषय संघसूचीच्या ४१ व्या नोंदीत आहेत आणि त्यांत राज्यांचा वाटाच नाही. तेव्हा लासूरच्या बाजारात निर्यातबंदीने भाव पडला, तर त्याची दाद मुंबईस लागावयाची नाही. तो अर्ज दिल्लीसच धाडावा लागतो.