रूळ गेले, पाहुणे आले

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील मिडलमार्च ते क्लाइड हा लोहमार्ग १९९० साली बंद झाला आणि वाटेवरील लहान गावांचा मोठा आधार गेला. रूळ काढलेल्या त्याच वाटेवर २००० साली १५२ किलोमीटरचा सायकलमार्ग खुला झाला. मूळ वाट आगगाडीसाठी आखलेली असल्याने चढ सौम्य आहेत. त्यामुळे साठी ओलांडलेले प्रवासीही चार-पाच दिवसांत हा पल्ला गाठतात. रोज तीस-चाळीस किलोमीटरनंतर मुक्काम आलाच. ही गरज गावकऱ्यांनी ओळखली. कुणी घरातील रिकामी खोली पाहुण्यांसाठी सजवली. लॉडर येथे जुन्या शाळेचेच निवासगृह झाले. रात्रीचा निवारा आणि सकाळी यजमानांच्या हातची न्याहारी, एवढ्या अल्प भांडवलावर गावांत पुन्हा मिळकत सुरू झाली.